रोजचे नेम कशाच्या आधाराने टिकतात?

पाणवठा (लातूर)

घरातले वडीलधारे माणूस थकले की त्याची कामे वाटून घेता येतात. त्याचे नेम कोणी घ्यायचे, हे मात्र बहुतेक घरांत कोणी उघडपणे बोलत नाही. आमच्या घरी सध्या हाच विषय आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाकवत नाही. पहाटे अंगणात सडा-रांगोळी, स्नान झाल्यावर तुळशीला पाणी, देवपूजा, नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी जेवायला बसायचे नाही, तिन्हीसांजेला दिवा आणि निजण्यापूर्वी दासबोधाचा एक समास, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. मी शाळेत शिकवते, यजमान सकाळी सातला बाहेर पडतात ते रात्री आठला परततात आणि मुलगी बारावीला आहे. सगळे जसेच्या तसे चालवणे आम्हाला जमणार नाही, आणि सगळे एकदम सोडून द्यावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही.

विचार करताना मला २०१६ चा उन्हाळा आठवला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. घरोघरी टिपाडे, हंडे, घागरी मोजून पाणी वापरले जात होते. त्या दिवसांत सडा पहिल्याच आठवड्यात बंद झाला. तुळशीला तांदूळ धुतलेले पाणी जाऊ लागले. देवपूजा मात्र ताम्हणातल्या पळीभर पाण्यावर चालू राहिली आणि समास तर एकही दिवस चुकला नाही, कारण त्याला पाणी लागतच नव्हते. म्हणजे त्या टंचाईने आमच्या घरातल्या नेमांची आपोआप प्रतवारी लावली. जे नेम लहान होऊ शकले ते टिकले आणि ज्यांना लहान होता आले नाही ते गळून पडले, असा माझा तेव्हाचा तर्क होता. तो कितपत बरोबर आहे आणि आपापल्या घरांत कोणते नेम कशामुळे टिकले, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

काळी जमीन (परभणी जिल्हा)

ताई, तुमचा तर्क मला अर्धा पटतो. माझ्या पाहण्यात तोच नेम टिकतो, जो चुकला तर दुसऱ्या कोणाचे तरी अडते. आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, दोन म्हशी आहेत. पहाटे पाचला कोणी उठवत नाही, तरी उठावेच लागते, कारण धारेची वेळ टळली की जनावर कासावीस होते आणि गावभर ऐकू जाईल असे हंबरते. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. आधी रेडकू सोडायचे, त्याने चार ढुसण्या दिल्या की म्हैस पान्हा सोडते, मग ते ओढून बांधायचे, कास कोमट पाण्याने पुसायची आणि आंबोणाचे घमेले पुढे ठेवून धारेला बसायचे. पान्हा पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात हात आवरला नाही तर उरलेले दूध ती वर ओढून घेते. हात बदलला, वेळ बदलली, नेहमीची चरवी सोडून दुसरी आणली, तरी काही म्हशी अडून बसतात. सवय माणसालाच असते असे नाही, त्या जनावरालाही असते, आणि माणसाची सवय टिकते ती बहुधा जनावराच्या सवयीमुळेच.

ज्या वर्षी कडबा मिळेना म्हणून आमच्या भावकीतल्या एकाने दावण रिकामी केली, त्या वर्षीपासून त्याच्या घरी पहाट उरलीच नाही. माणूस तोच होता, आळशीही नव्हता. फक्त त्याच्या उठण्याची वाट पाहणारे कोणी राहिले नाही.

याउलट उदाहरण विजेचे आहे. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री येते, आणि त्या पाळ्या फिरत राहतात. या आठवड्यात दुपारी भिजवण करायची आणि पुढच्या आठवड्यात रात्री अकराला बॅटरी घेऊन बांधावर जायचे, अशी स्थिती असली की शरीराला कसलाही नेम लागत नाही. दिनचर्येची पुस्तके लिहिणाऱ्यांनी एकदा रब्बीत आमच्याकडे येऊन राहावे.

अभ्यासिका (मूळ हिंगोली, सध्या लातूर)

मी येथे वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतो, त्यामुळे सवयींविषयी दररोज एक तरी व्याख्यान ऐकावे लागते. ‘एकवीस दिवस सलग करा, सवय लागलीच समजा’ हे वाक्य आमच्या भिंतीवरही रंगवलेले आहे. त्याचा उगम शोधला तेव्हा तो एका अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधील पुस्तकात सापडला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातले ‘किमान’ पुढे गळाले आणि चेहऱ्याच्या जागी पहाटेचा अभ्यास आला.

लंडनमधील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर प्रत्यक्ष अभ्यास केला आणि तो २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी कृती निवडून, ती दिवसातल्या ठरावीक प्रसंगाला जोडून बारा आठवडे केली. जेवणाबरोबर फळ खाणे किंवा न्याहारीनंतर चालणे अशा त्या कृती होत्या. कृती आपोआप घडू लागायला लागणारा काळ साधारण ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिती अंदाजाने काढलेले आहेत). पाणवठाताईंच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे सवय घड्याळाला न चिकटवता आधीपासून घडणाऱ्या दुसऱ्या कृतीला चिकटवलेली होती. दुसरी म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारशी बाधा येत नव्हती. ‘एक दिवस गेला म्हणजे सगळे गेले’ या धाकाने आमच्यातली कित्येक मुले दुसऱ्या दिवशी पुस्तकच उघडत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सारवण (अंबाजोगाई)

चर्चा चांगली चालली आहे, पण नेम कोणाच्या अंगावर टिकतो, हे अजून कोणी विचारलेले नाही. धाग्यातल्या सासूबाईंची यादी पुन्हा वाचावी. त्यातली समास सोडून बाकीची सगळी कामे वाकून, उठून, घासून, पुसून करायची आहेत आणि ती सगळी एकट्या बाईने केलेली आहेत. घरातले इतर त्या नेमाचे लाभार्थी होते. घराण्याची परंपरा म्हणून जे मिरवले जाते, ते पुष्कळदा एका बाईचे गुडघे असतात.

जात्याचे उदाहरण घ्या. गिरणी गावात येण्यापूर्वी आमच्याकडच्या बाया पहाटे तीन-साडेतीनला उठून दिवसाच्या भाकरीपुरती ज्वारी दळत असत. दळता-कांडताना देवाला हाक मारणारी जनाबाई आपल्या गंगाखेडचीच. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून संशोधकांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि त्यांत माहेरचे, भावाचे, विठ्ठलाचे, आपल्या माजलगावच्या बायांनी गायिलेले बाबासाहेबांचेही गाणे आहे. इतके मोठे धन त्या एका रोजच्या कामातून निघाले, हे खरे. तरीही गिरणी सुरू झाली तेव्हा एकाही बाईने जात्यासाठी हळहळ केल्याचे मी ऐकलेले नाही. ओव्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी निदान पायलीभर ज्वारी दळून पाहावी आणि मग बोलावे. बायांनी काय केले पाहा: रोजचे दळण गिरणीवर दिले आणि लग्नाच्या हळदीला जाते पुन्हा मांडून ओवी तेवढी राखली. कष्ट आणि गाणे वेगळे करता येतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

सड्याचेही तेच आहे. मातीच्या अंगणात शेणसड्याने धूळ बसते, जमीन धरून राहते, म्हणून त्याला अर्थ होता. फरशीवर आणि पेव्हर ब्लॉकवर तो टाकून नुसते डाग पडतात आणि ते पुन्हा त्याच बाईला पुसावे लागतात. तो नेम माती गेली तेव्हाच संपला होता. फक्त कोणी तसे सांगितले नव्हते.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

पाणवठाताईंनी पाण्याचा मुद्दा काढला आहे, त्यावर आमच्या बाजूचे लिहितो. नमाजाच्या पाच वेळा सूर्यावर ठरतात, त्यामुळे फजर, म्हणजे पहाटेची नमाज, उन्हाळ्यात लवकर आणि हिवाळ्यात उशिरा होते आणि वर्षभर माणूस नकळत उजेडाबरोबर सरकत राहतो. प्रत्येक नमाजेपूर्वी वुजू असावी लागते, म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंतचे हात धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे आणि पाय धुणे. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेथे हे कसे जमते, असे मला एका सहकाऱ्याने विचारले होते. सवय असली तर एका लहान तांब्यात वुजू होते, हे एक उत्तर. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे: पाणी मिळतच नसेल किंवा आजारपणामुळे वापरता येत नसेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवण्याची मुभा खुद्द धर्मानेच दिलेली आहे. त्याला तयम्मुम म्हणतात. प्रवासात चार रकातींच्या नमाजेच्या दोन होतात. ज्याला उभे राहवत नाही त्याने बसून पढावी, बसवत नाही त्याने आडवे राहून इशाऱ्याने पढावी. माझे वडील आता खुर्चीवर बसून पढतात आणि त्यात त्यांना किंवा मशिदीतल्या कोणालाही काही कमी वाटत नाही.

म्हणून मला वाटते की नेम लहान होऊ शकतो एवढेच पुरेसे नाही. तो कसा आणि किती लहान करायचा, हे आधीच ठरलेले असले म्हणजे माणसाच्या मनात अपराधीपणा राहत नाही. अडचणीच्या दिवशी स्वतःच सवलत काढायची वेळ आली की माणूस एक तर फार कडक होतो नाही तर फार सैल होतो.

संध्यापात्र (पैठण)

पाणचक्की यांच्या प्रतिसादाला जोडूनच लिहितो, कारण आपल्याकडच्या धर्मशास्त्रातही नेमकी हीच तरतूद आहे आणि ती घरोघरी विसरली गेली आहे. स्नानाचे सात प्रकार सांगितलेले आहेत. बुडी मारून केलेले ते वारुण, मंत्राने अंगावर पाणी शिंपडून केलेले ते मांत्र, मृत्तिका लावून केलेले ते भौम, भस्माचे ते आग्नेय, गाईंच्या पायांची धूळ अंगावर घेणे ते वायव्य, ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजणे ते दिव्य आणि नुसत्या ध्यानाने होते ते मानस. पूजा सोळा उपचारांची असते तशी गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य या पाच उपचारांचीही असते, आणि ज्याला तेही शक्य नाही त्याच्यासाठी मानसपूजा आहे. ही उतरंड रुग्ण, वृद्ध, प्रवासी आणि दुष्काळ यांचा विचार करूनच लावलेली आहे. ‘आमच्या घरी सोळा उपचारांखाली पूजा होत नाही’ असे जे अभिमानाने सांगतात, ते शास्त्राला धरून बोलत नसून शेजाऱ्याला ऐकवण्यासाठी बोलत असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुळजापूरचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. भवानीमातेच्या नित्यक्रमात पहाटेचे चरणतीर्थ, अभिषेक, धूपारती आणि रात्रीचे प्रक्षाळ असा दिवस बांधलेला आहे. पण वर्षातून तीनदा, शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा, अशा वेळी मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवली जाते. देवीच्या दिनक्रमात जर विश्रांतीची जागा आहे, तर सासूबाईंनी सडा टाकला नाही म्हणून दोष कसला? सारवण यांच्याशी मात्र एका बाबतीत मतभेद आहे. कष्ट आणि गाणे दर वेळी वेगळे करता येतातच असे नाही. पूजेची उपकरणी घासताना मन जसे स्थिरावते तसे तयार ताट समोर आल्यावर स्थिरावत नाही, हा माझा अनुभव आहे.

सारवण (अंबाजोगाई)

संध्यापात्र यांस: आपण उपकरणी स्वतः घासता, याबद्दल आदर आहे. आपल्यासारखे किती?

माळवद (औसा तालुका)

सवय चांगलीच असते, असा सूर या धाग्यात हळूहळू येऊ लागला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या भागातली जुनी घरे जाड दगडी भिंतींची आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असलेली होती. पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकून ते दाबून घ्यायचे, म्हणजे गळती थांबते, ही पिढ्यानुपिढ्यांची रीत होती आणि जो ती पाळत नसे त्याला गाव निष्काळजी म्हणत असे. वर्षावर्षाला थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लोक गणपती विसर्जन करून येऊन झोपले होते आणि तीच भिंतींची दगडे आणि तीच माळवदाची माती अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. शहाणपणाने लावलेल्या सवयीचे ओझे किती झाले आहे, हे पाहण्याची सवय मात्र आम्हाला नव्हती.

पुढे ५२ गावे नव्या जागी पूर्णपणे वसवली गेली. सरळ रेषेतले रुंद रस्ते आणि जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे. घरे पक्की होती, पण भावकी विखुरली आणि ओसरी गेली. जुन्या गावात सकाळी पाणी शेंदून येताना बाई चार ओसऱ्यांवर थांबत असे, संध्याकाळी म्हातारी माणसे बोळाच्या तोंडाशी बसत असत. तो कोणी ठरवलेला नेम नव्हता, म्हणून नकाशा काढणाऱ्यांना तो दिसला नाही. नंतर लोकांनी आपल्या हाताने पत्र्याचे छप्पर पुढे ओढून ओसऱ्या केल्या, तेव्हा कुठे संध्याकाळचे बसणे पुन्हा सुरू झाले. पाणवठाताई, तुमच्या यादीतही असा न लिहिलेला एखादा नेम असेल. रांगोळी काढताना सासूबाई कोणाशी बोलत होत्या, हे एकदा पाहा.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

नेम सोडावा कसा, याचे उदाहरण आमच्या समाजाकडे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा बावीस प्रतिज्ञाही दिल्या, आणि त्यांत कोणत्या देवदेवतांची पूजा करणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, हे स्पष्ट शब्दांत होते. आमच्या आजीने नाव घेऊन एकेक गोष्ट सोडली. तिच्या जागी त्रिसरण आणि पंचशील आले, संध्याकाळी विहारातली वंदना आली. पालीतले शब्द तिला प्रथम उच्चारता येत नसत. नातवंडांकडून ऐकून ऐकून तिने ते पाठ केले. परंपरा तयार व्हायला शतके लागतात म्हणणाऱ्यांनी एका पिढीत घडलेला हा बदल जरूर पाहावा. माझे म्हणणे एवढेच की जे सोडायचे ते आळसाने गळू देऊ नये. घरात सर्वांसमक्ष बोलून सोडावे, म्हणजे मागे कुरकुर राहत नाही.

वाढे (बीड जिल्हा)

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. हंगामात पहाटे तीनला उठून कोपीसमोर चूल पेटवायची, दोन्ही वेळच्या भाकरी थापून फडकात बांधायच्या आणि उजाडायच्या आत फडात उभे राहायचे. गाडी भरायला रात्री बोलावणे आले तर झोपही गेली. वर अभ्यासिका यांनी लिहिले की एखादा दिवस चुकला तरी चालते. आमच्याकडे चुकलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे उचलीतून, म्हणजे आधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या हिशोबातून, कापले जातात, मग ताप असो की बाळंतपण. देव्हारा गावी राहतो. मागे राहिलेली आजी त्याच्यापुढे दिवा लावते आणि आई फोनवर रोज तेवढेच विचारते, की दिवा लावला का. आजीने काही खाल्ले का, ती बरी आहे का, हे सगळे तिला त्या एका उत्तरातून कळते.

पाणवठा (लातूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नागसेनवन यांच्या सूचनेप्रमाणे रविवारी सगळे एकत्र बसलो आणि सासूबाईंनाच विचारले. त्यांची उत्तरे आमच्या अंदाजाहून निराळी निघाली. सडा त्यांना कधीच आवडत नव्हता. सासूच्या धाकाने सुरू झाला आणि राहून गेला, एवढेच. नैवेद्याआधी जेवायचे नाही हा दंडक तर, नात शिकवणीहून भुकेली येते म्हणून, त्यांनी स्वतःच मोडीत काढला. पूजा पंचोपचारी होईल आणि ती खुर्चीवर बसून त्याच करतील, त्यासाठी देव्हारा उंच चौरंगावर घ्यायचा आहे. समास आता मुलगी मोठ्याने वाचते. दोनशे समासांची पोथी असल्याने परीक्षेच्या आत एक आवर्तन होईल, असा तिचा हिशोब आहे. रांगोळी उंबऱ्यापुरती राहणार आहे, कारण माळवद यांनी म्हटले तसेच निघाले. समोरच्या घरातल्या आजी त्याच वेळी दूध घ्यायला दारात येतात आणि दोघींचे बोलणे तेवढ्यातच होते.

तिन्हीसांजेच्या दिव्यावर मात्र त्या ठाम आहेत, आणि तो मुलाने लावावा असे त्यांनी सांगितले. यजमान आठला येतात. तेव्हा दिवा आठला लावला तर चालेल का, याबद्दल संध्यापात्र यांनी मार्गदर्शन करावे.

संध्यापात्र (पैठण)

दिवेलागणीची वेळ सूर्यास्ताची हे खरे, पण गौण काळही मान्य आहे. ते येतील तेव्हा लावावा, निःशंक लावावा. सुटीच्या दिवशी वेळेवर लावला म्हणजे झाले.

सारवण (अंबाजोगाई)

वाटणी वाचली, बरीचशी आवडली. फक्त समई आणि निरांजन घासण्याचे काम कोणाकडे आहे, ते त्यात लिहिलेले नाही. वात लावायला अर्धा मिनिट पुरतो. काजळी धरलेली समई चिंच लावून, खोबणीतले तेल काडीने काढून, कोरडी करून पुन्हा जागेवर ठेवायला वेळ जातो, आणि फुलवाती कोणीतरी वळाव्याही लागतात. ते नाव पण लिहून ठेवा.